बार्शी ते ब्रेबॉर्न : मुंबई ओपनचे चार दिवस

बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५, रात्र

टेनिस बघायला मुंबईला चाललोय म्हटल्यावर बार्शीच्या एसटी स्टँडवर भेटलेल्या मित्राने पहिला प्रश्न केला, "तिथं कोण ॲडमिट आहे?" आमच्याकडून माणूस मुंबईला जातो तो दवाखान्यासाठी, नाहीतर मंत्रालयासाठी. त्याचंही चुकलं नाही.

तसं टेनिस बार्शीला परकं नाही. प्रार्थना ठोंबरे आमच्याच गावची. २०१४ च्या एशियाडमध्ये सानिया मिर्झाबरोबर दुहेरीत कांस्य, २०१६ ला तिच्याचबरोबर रिओ ऑलिंपिक. गावातल्या ज्यांना ड्यूस कशाशी खातात माहीत नाही, त्यांनाही हे तोंडपाठ असतं. माझ्या पुतणीच्या हातात रॅकेट आली तीही अशीच, हवेतून.

पुतणी आता तेरा वर्षांची आहे. पहिला सेट झोकात जिंकते आणि मग कुठंतरी एक डबल फॉल्ट होतो, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जातो. तो झाला की हिला इतकी घाई सुटते की पुढची सर्व्हिस ती जवळजवळ रागानेच मारते. तीही जाळीत. पंधरा मिनिटांत सेट संपतो, मग डोळे पुसत बाहेर. तिचे सर शेवटी म्हणाले, "हिला एकदा मोठ्या मुलींच्या मॅचसमोर नेऊन बसवा. टीव्हीवर नको. टीव्हीवाले मधलं सगळं कापतात." मधलं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. एक शंभर पानी वही मात्र दिली. नुसतं बघायचं नाही, लिहायचं.

कुर्डुवाडीपर्यंत एसटी, तिथून मध्यरात्रीच्या सुमाराला सिद्धेश्वर एक्सप्रेस. एकेकाळी हाच टप्पा बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने व्हायचा. आजोबा सांगायचे, चढावर उतरून चालत गेलं तरी गाडी पुढं जायची नाही. खरं-खोटं तेच जाणोत. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पुतणीसाठी शेंगाच्या पोळ्या. पोळ्या फक्त तिच्यासाठी. गेल्या दिवाळीत माझी साखर निघाल्यापासून घरातून तशी सक्त ताकीद आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादरला उतरलो आणि पुलावरच पिशवीचा बंद तुटला. भाकरीचा पुडका छातीशी धरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर आलो. सकाळच्या गर्दीला तोंड देण्याची ही पद्धत नव्हे. स्लो लोकलने चर्नी रोड, तिथून गिरगावात ताईच्या चाळीत. अंघोळ, पोहे, चहा. दाजी बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने पासची सोय झाली होती, त्यामुळे दाजीही बरोबर निघाले. टेनिसमध्ये त्यांना गम्य नाही. "ब्रेबॉर्नवर जायचंय ना, मग झालं," म्हणाले.

चर्चगेटला उतरून वीर नरिमन रोडने चालायला लागलं की पाचेक मिनिटांत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. १९३७ साली ब्रेबॉर्न उभं राहिलं, सत्तरच्या दशकात तिकिटांच्या भांडणातून हाकेच्या अंतरावर वानखेडे बांधलं गेलं आणि कसोटी क्रिकेट तिकडे गेलं. मधे एकदाच परत आलं, २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्ध, तेव्हा सेहवागने इथं २९३ केल्या. ही माहिती मला दाजींनी फाटकापासून खुर्चीपर्यंत दोनदा दिली. क्लबच्या आवारातच टेनिसची हार्ड कोर्ट आहेत. बाहेर बस आणि टॅक्सी भोंगे वाजवत असतात. आत आलं की तो आवाज मागे पडतो आणि चेंडूचा ठक्-ठक् सुरू होतो.

स्पर्धा छोटी म्हणजे किती छोटी, ते सांगतो. डब्ल्यूटीए म्हणजे महिला टेनिसची संघटना, तिची ही १२५ दर्जाची स्पर्धा. एकेरीच्या मुख्य फेरीत ३२ जणी. विजेतीला क्रमवारीचे १२५ गुण, उपविजेतीला ८१, उपांत्य फेरीत हरली तर ४९, उपांत्यपूर्वमध्ये २७. आणि पहिल्याच फेरीत हरली तर १. ग्रँड स्लॅमच्या विजेतीला २००० मिळतात, त्याशेजारी हा आकडा ठेवून बघा. पुतणीने हे वहीत उतरवलं आणि म्हणाली, "काका, म्हणजे एवढ्या लांबून विमानानं यायचं, एक मॅच हरायची अन् एक पॉइंट घिऊन परत जायचं?"

"हो."

"मग विमानाचे पैसे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दाजी बँकेतले, त्यांनी मान हलवून "तोट्यातला धंदा" असा शेरा दिला.

पण याच तोट्यातल्या धंद्यातून २०१७ च्या नोव्हेंबरात १९ वर्षांची एक मुलगी इथल्याच कोर्टावर जिंकून गेली होती. अंतिम सामन्यात तिने दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं हरवलं. तिचं नाव आरिना सबालेन्का. आज ती जगात पहिली आहे. दोनच आठवड्यांपूर्वी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनमधली तिची मॅडिसन कीजबरोबरची फायनल आम्ही घरी बसून बघितली होती. पुतणीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ कोर्टाच्या निळ्या रंगाकडे बघत राहिली. २०१८ नंतर ही स्पर्धा काही वर्षं बंदच होती, २०२४ ला परत सुरू झाली.

पहिल्या दिवशी आम्ही कडेच्या कोर्टावरच जास्त रमलो. दोन परदेशी मुली खेळत होत्या. दोघींची नावं मला धड उच्चारता येत नाहीत, तेव्हा लिहीत नाही. प्रेक्षक मोजून बावीस. त्यात आम्ही तिघं, आणि तिघांपैकी एक मोबाइलवर नागपूरची इंग्लंडविरुद्धची वनडे बघणारा.

आधी बाजूला बसलो होतो, मग पुतणीच्या हट्टाने बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे गेलो. तिथं गेल्यावर खेळच बदलला. टीव्हीचा कॅमेरा उंचावर असतो, त्यामुळे चेंडू सपाट जातो असं वाटतं. मागून बघितलं तेव्हा कळलं की बेसलाइनवरून मारलेला टॉपस्पिन, म्हणजे पुढे गरगरणारा फटका, जाळीच्या चांगला हातभर वरून जातो, खाली कोसळतो आणि टप्पा पडला की खांद्यापर्यंत उसळतो. पुतणी घरी प्रत्येक फटका जाळीला घासून काढायला बघते. "सर ओरडत्यात ते हेच व्हय," म्हणाली.

आणि सरांचं 'मधलं'ही तिथंच सापडलं. मी घड्याळ लावून बसलो. नियमाने दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद मिळतात. बाजू बदलताना ९०, सेट संपल्यावर १२०. त्यातही खुबी अशी की सेटमधल्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात, पण बसायला मिळत नाही. पॉइंट स्वतः बहुतेक पाच-सात सेकंदांत संपत होता. म्हणजे दोन तासांच्या मॅचमध्ये टेनिस थोडंच, बाकी सगळं चालणं, घाम पुसणं, रॅकेटच्या तारा सरळ करणं. एकेरीत तेव्हा बोलायला शेजारी कोणी नसतं. दुहेरीवाल्या तोंडावर हात धरून आपापसांत कुजबुजतात तरी.

त्यातल्या उंच मुलीने लागोपाठ दोन डबल फॉल्ट केले. आम्ही दोघांनी एकदमच श्वास धरला, कारण आमच्या घरात यापुढं काय होतं ते आम्हाला माहीत आहे. ती वळली. जाळीकडे पाठ करून मागच्या भिंतीपर्यंत गेली. टॉवेलने आधी हात पुसले, मग रॅकेटची मूठ, मग परत हात. बॉल बॉयकडून तीन चेंडू घेतले, एक परत दिला. लाइनवर आली, चेंडू आपटायला लागली. मी मोजत होतो. बावीस सेकंद. सर्व्हिस आत पडली. पॉइंट गेला तो गेलाच, पण पुढचा पॉइंट तिने घाईत सुरू केला नाही.

पुतणीने वहीत लिहिलं : 'भिंतीपर्यंत जाणे.'

नवीन चेंडूंचंही गणित दाजींना मी समजावलं, म्हणजे त्यांना काहीतरी उद्योग मिळेल. पहिले सात गेम झाले की सगळे चेंडू बदलतात, नंतर दर नऊ गेमला. सात का? सुरुवातीचा वॉर्म-अप दोन गेमचा धरतात. हे ऐकून दाजींनी पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवला. "हे आमच्या ऑडिटसारखं आहे," म्हणाले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सकाळी ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ. पुतणीच्या मते सोलापुरी जिभेला फिकी, माझ्या मते झकास. वाद ताईच्या चहावर मिटला.

आज उपांत्यपूर्व फेरी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती, वय १५. पुतणीपेक्षा दोन वर्षांनी मोठी! पात्रता फेरीचे दोन सामने जिंकून ती मुख्य फेरीत आली. तिथं आधी इरिना शिमानोविचला हरवलं, मग झरिना दियासला. कझाकस्तानची ही दियास विम्बल्डनच्या चौथ्या फेरीपर्यंत दोनदा गेलेली आहे, २०१४ आणि २०१५ मध्ये. त्यातल्या पहिल्या वेळी माया पाच वर्षांची असेल.

आता समोर जपानची मेई यामागुची. कालच्या बावीस डोक्यांच्या मानाने आज खुर्च्या भरलेल्या. शाळेच्या गणवेशातली पोरं, क्लबचे टोपीवाले आजोबा, हातात रॅकेटच्या पिशव्या घेतलेल्या अकॅडमीच्या मुली आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया. आया लगेच ओळखू येतात. मॅच कुणाचीही असो, पॉइंट गेला की त्यांच्याच चेहऱ्यावर आठी पडते.

मुंबईत फेब्रुवारीच्या दुपारी ऊन बोचतं, पण दुपार कलायला लागली की समुद्राकडून वारा सुटतो. मरीन ड्राइव्ह इथून दोन-तीनशे पावलांवर. तो वारा इमारतींवर आदळून कोर्टात कसाही शिरतो. सर्व्हिससाठी चेंडू वर फेकतात तो टॉस. उंच टॉस टाकणारीचा चेंडू हलतो. टॉस सोडून देऊन परत टाकायचा तिला हक्क असतो, आणि हा हक्क वापरायला लाजायचं नसतं. पुतणी वाकडा टॉसही मारतेच. वहीत दुसरी नोंद : 'टॉस सोडला तरी फॉल्ट नाही.' नियम तिला माहीत होता. तो वापरायचा असतो हे ठाऊक नव्हतं.

पहिला सेट मायाने ६-४ घेतला. दुसरा ३-६ गेला. आमच्या घरचा नेमका हाच घाट, म्हणून मी मॅचपेक्षा पुतणीकडेच बघत होतो. तिने पेन तोंडात धरलं होतं. तिसऱ्या सेटला गर्दी प्रत्येक पॉइंटनंतर इतकी ओरडत होती की पंचांचा आवाज दबून जात होता. माया सेट ६-२ ने घेऊन उपांत्य फेरीत गेली.

शेजारच्या एका आजोबांनी पुतणीला विचारलं, "तूही खेळतेस का गं?" एरवी ही छाती काढून "हो" म्हणते. आज म्हणाली, "शिकतीय."

संध्याकाळी चर्चगेटहून चर्नी रोडला लोकलने न जाता समुद्राच्या कडेने चालत आलो. कट्ट्यावर बसून शेंगाची पोळी. मी एक घास घेतला. फक्त एक.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज दिल्ली विधानसभेच्या निकालांचा दिवस. स्टँडमधले निम्मे पुरुष दोन पॉइंटांमधल्या २५ सेकंदांत जागा मोजत होते. दाजी तर त्यांचे म्होरकेच.

मायासमोर स्वित्झर्लंडची यिल टाइशमन. डावखुरी. हिची ओळख नीट सांगायला हवी. २०२२ मध्ये जगात २१ वी होती. त्याच्या आदल्या वर्षी सिनसिनाटीला नाओमी ओसाकाला हरवून फायनलपर्यंत गेली, तिथं ॲश बार्टीकडून हरली. तिथून क्रमवारीत खाली घसरलेली आणि आता परत वर यायला अशा छोट्या स्पर्धांतून खेळणारी. छोट्या स्पर्धेची गंमत हीच. पहिली पायरी चढणारी आणि पायऱ्या उतरून आलेली एकाच कोर्टात उभ्या असतात, आणि उतरून आलेलीला जिना पाठ असतो.

डावखुरीची सर्व्हिस काय असते ते मागे बसून बघितल्याशिवाय कळत नाही. डाव्या कोर्टातून चेंडूची कड कापून मारलेला स्लाइस उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडकडून आणखी बाहेर पळतो. तिला पार कोर्टाबाहेर ओढून नेतो आणि सगळं मैदान मोकळं होतं. आता गुण मांडून बघा. ४०-३०, ३०-४०, ४०-४० नंतरचा दोन्हीकडचा ॲडव्हांटेज, हे सगळे पॉइंट डाव्याच कोर्टातून खेळले जातात. म्हणजे जिथं गेम अडकतो, तिथं डावखुरीची सगळ्यात चांगली सर्व्हिस पडते. दाजींना मी हे वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून दाखवलं. त्यांनी झहीर खान उजव्या हाताच्या फलंदाजांना कसा छळायचा ते सांगितलं. तिथं चेंडू उलट्या बाजूला जातो, पण मी वाद घातला नाही.

मॅच फार टिकली नाही. ६-३, ६-१. लोक शेवटपर्यंत "माया, माया" करत होते, पण मला प्रामाणिकपणे वाटलं ते लिहितो. टाइशमनने त्या आवाजाशी भांडण केलंच नाही. आवाज संपायची वाट बघायची आणि मग सर्व्हिस करायची, एवढंच.

नंतरची दहा मिनिटं मला जास्त लक्षात राहतील. हस्तांदोलन झालं, टाळ्या झाल्या. मॅच हरलेल्या खेळाडूला लगेच कुठं लपता येत नाही. सगळ्यांसमोर खुर्चीवर बसून स्वतःची बॅग स्वतः भरावी लागते. रॅकेट, टॉवेल, बाटल्या, सगळं. पुतणी कठड्याला टेकून ते बघत होती. तिची बॅग हरल्यावर मी भरतो. तेवढ्यात ती कोर्टाबाहेर गेलेली असते. मी काहीच बोललो नाही, ती पण नाही. वहीतही काही लिहिलं नाही तिने.

दुहेरीचं दोन ओळीत सांगतो, नाहीतर गावात मला कोणी विचारणार नाही. प्रार्थना ठोंबरे नेदरलँड्सच्या आरिआन हार्टोनोबरोबर या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेली. तिथं अमिना अन्शबा आणि एलेना प्रिदान्किना यांच्याकडून तिसऱ्या सेटऐवजी खेळतात त्या सुपर टायब्रेकमध्ये १०-७ असं हरली. बार्शीची मान खाली जायचं काही कारण नाही.

बाहेर पडल्यावर ब्रेबॉर्नच्याच इमारतीत के. रुस्तम. दोन पातळ वेफरच्या मधे आइस्क्रीमची जाड वडी, हातात कागद. खायची रीत म्हणजे चारी बाजूंनी चाटत आत शिरायचं. नाहीतर कोपरापर्यंत ओघळ येतो. पुतणीने एक घेतलं. मी तिला साथ दिली. साथ देणं वेगळं आणि खाणं वेगळं, असं मी तिला समजावून सांगितलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

दाजी आज आले नाहीत. कटकला दुसरी वनडे होती. मग मी, पुतणी आणि हौसेने ताई. ताईने आयुष्यात टेनिस पाहिलं नव्हतं. पाचव्या गेमला तिचा पहिला प्रश्न आला, "पंधरा, तीस, मग चाळीस कसं? पंचेचाळीस का नाही?" माझ्याकडे खात्रीचं उत्तर नव्हतं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या.

फायनल टाइशमन आणि थायलंडची मनंचया सावांगकाव यांच्यात झाली. ६-३, ६-४, टाइशमन जिंकली. खेळ चांगला होता, पण खरं सांगायचं तर आमच्यासाठी स्पर्धा गुरुवारच्या कडेच्या कोर्टावर आणि शनिवारच्या त्या खुर्चीपाशी होऊन गेली होती. दुसऱ्या सेटमध्ये पुतणी चेंडूकडे बघतच नव्हती. पॉइंट संपला की हरणारी कुठं बघते, जिंकणारी कुठं बघते, एवढंच ती टिपत होती. बक्षीस समारंभातली भाषणं लांबायला लागल्यावर ताईच्या पायाला मुंग्या आल्या आणि आम्ही निघालो.

चाळीत पोचलो आणि थोड्या वेळाने एकदम अख्ख्या मजल्यावर आरडाओरडा. रोहित शर्माचं शतक. दाजी बनियनवर गॅलरीत, शेजारचे सगळे त्यांच्या दारात. पुतणी त्या गोंधळात गॅलरीच्या टोकाला उभी होती. हातात ताईचं लाटणं. टॉस टाकल्यासारखा डावा हात वर, मग थांबली, हात खाली. परत वर. परत खाली. एका काकूंनी विचारलं, "काय गं, कबुतरं हाकलतेस का?"

जेवून सीएसएमटी, तिथून परत सिद्धेश्वर. कल्याण गेल्यावर ती वरच्या बर्थवर झोपली आणि वही माझ्या डोक्यावर पडली. उघडून पाहिली. चार दिवसांत अकरा पानं. 'भिंतीपर्यंत जाणे.' 'टॉस सोडला तरी फॉल्ट नाही.' 'जाळीच्या हातभर वरून.' एका पानावर नुसते आकडे, १९, २३, २१, २४, २२. शनिवारच्या पानावर नंतर कधीतरी वेगळ्या शाईने लिहिलेलं : 'बॅग मी भरणार.'

आणि सगळ्यात शेवटी, चौकट करून :

'के. रुस्तम. मी १. काका ३. काकूला विचारलं तर : काका १.'

तीन नव्हते. अडीच होते. अर्धं ओघळलं.